ॲसिडिटीच्या कॅप्सूलमधले दुसरे औषध

संपादक महोदय,

पावसाळा लागला की पुण्यातल्या दवाखान्यांत उलट्या-जुलाबांचे पेशंट वाढतात. चिठ्ठीवर अनेकदा ॲझिथ्रोमायसिन 500 हे प्रतिजैविक, उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन आणि पोटासाठी पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणारे) व डॉम्पेरिडॉन (मळमळ थांबवणारे) यांची एकत्र कॅप्सूल असते. पॅन्टोप्राझोल सोडले तर ही तिन्ही औषधे ईसीजीवरचे क्यूटी अंतर, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून हृदय पुढच्या ठोक्याला तयार होईपर्यंतचा वेळ, वाढवू शकतात. एकेकटी बहुतेकांना बाधत नाहीत. एकत्र आली, आणि त्यात जुलाबांनी पोटॅशियम उतरलेले असले, की हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो.

ठोका पडल्यावर हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर जाते आणि पेशी पुढच्या ठोक्याला तयार होतात. ही औषधे तीच वाट अडवतात. नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेले क्यूटी पुरुषांत 450 आणि स्त्रियांत 460 मिलिसेकंदांपर्यंत ठीक समजतात. 500 च्या वर घातक लय सुरू होण्याची भीती असते. मग माणूस एकाएकी कोसळतो, कधी हातपाय झटकतो आणि थोड्या वेळात सावधही होतो. घरचे म्हणतात अशक्तपणा, नाहीतर फीट. ईसीजी राहूनच जातो. (तापात नाडी 110 असताना मशीनने छापलेला आकडा फुगलेला असू शकतो, तो डॉक्टरांनीच तपासावा.)

आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे ते डॉम्पेरिडॉन. युरोपीय औषध नियामकाने 2014 मध्ये प्रौढांसाठी त्यावर मर्यादा घातली: 10 मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, तेही साधारण आठवडाभरच. आपल्याकडे नावापुढे ‘डीएसआर’ (‘डी’ म्हणजे डॉम्पेरिडॉन, ‘एसआर’ म्हणजे हळूहळू सुटणारे) असलेल्या कॅप्सूलमध्ये ते सहसा 30 मिलिग्रॅम असते. म्हणजे तिथली दिवसाची कमाल मात्रा एका कॅप्सूलमध्ये, आणि ती लोक सकाळच्या चहाआधी महिनोन्‌महिने घेतात, बऱ्याचदा जुनी चिठ्ठी दाखवून किंवा नुसते नाव सांगून. वर पॅन्टोप्राझोल दीर्घकाळ घेतल्याने काहींचे मॅग्नेशियम उतरते, तेही लयीला मारकच. त्यात नायट्यासाठी इट्राकोनाझोल किंवा पोटातल्या जंतूंसाठी क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झाले, तर यकृतात डॉम्पेरिडॉन मोडायचे काम मंदावते आणि रक्तातले प्रमाण चढते. नायट्याची गोळी देणारे त्वचारोगतज्ज्ञ पोटाच्या कॅप्सूलबद्दल विचारतात का, आणि पेशंट आपणहून सांगतो का?

साठीपुढची माणसे, हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असलेले, बीपी वा सुजेसाठी लघवीची गोळी घेणारे, मनाच्या आजारासाठी एस्सिटॅलोप्रॅम किंवा हॅलोपेरिडॉल चालू असलेले, आणि ज्यांच्या घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले आहे, अशांनी नवी चिठ्ठी घेताना चालू औषधांच्या सगळ्या स्ट्रिप्स डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. क्यूटी वाढवणारे दुसरे औषध जोडण्याआधी एक ईसीजी आणि पोटॅशियमची तपासणी मागायला संकोच नको. मनाच्या आजाराची गोळी मात्र घाबरून स्वतःहून बंद करू नये. ॲझिथ्रोमायसिनचा कोर्स तीन दिवसांत संपला तरी औषध शरीरात आणखी काही दिवस रेंगाळते, हेही धरावे.

ॲसिडिटीसाठी बहुतेकांना साधे पॅन्टोप्राझोल पुरते. शहरातील केमिस्टांना विनंती की ‘डी’वाली कॅप्सूल मागणाऱ्याला चिठ्ठी मागावी, आणि चिठ्ठी महिन्यापूर्वीची असेल तर डॉक्टरांना एक फोन करावा. औषध घेतल्यावर धडधड किंवा भोवळ आली तर लगेच डॉक्टरांना गाठावे. शुद्ध हरपली तर 108 ला फोन करावा. अशा घटनांची नोंद केंद्राच्या 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर रुग्णालाही करता येते.

– औषधनिर्माणशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे