गोडघाशा मित्रास पत्र

प्रिय दोस्ता,

तुझं लांबलचक पत्र पोचलं. साखर, भात, ब्रेड, बटाटा सगळं एका फटक्यात बंद केलंस. पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरलं, मग काटा हटून बसला, आणि एका रात्री ओट्याशी उभ्या उभ्या क्रीमच्या बिस्किटांचा अख्खा पुडा फस्त केलास. इथपर्यंत सगळं समजलं. पण त्याखाली तू लिहिलंयस, 'माझ्यात मुळात इच्छाशक्तीच नाही.' हे मात्र मी ऐकून घेणार नाही. परीक्षेच्या दिवसांत महिनोन्महिने पहाटे चारला उठून आम्हालाही हाका मारून उठवणारा माणूस तू. इच्छाशक्तीचं मला सांगू नकोस. माशी दुसरीकडेच शिंकली आहे.

आधी त्या काट्याचं सांगतो, कारण तू त्याच्यापायी उगाच हवालदिल झालायस. आपलं शरीर साखरेचा थोडा साठा यकृतात आणि स्नायूंत बाळगून असतं, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. सगळा मिळून साधारण अर्धा किलो. पण त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणीही अडकून असतं. कार्ब्स, म्हणजे भात, ब्रेड, बटाटा, साखर यांतलं पिष्ट आणि साखर, एकदम तोडले की हा साठा उपसला जातो आणि त्याच्याबरोबरचं पाणीही निघून जातं. तुझं पहिल्या आठवड्यातलं 'वजन' बहुतेक हेच होतं. आणि पुडा खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी काटा जो वर चढला, तेही तेच पाणी परत आलं म्हणून. एक किलो चरबी म्हणजे साडेसात हजारांहून जास्त कॅलरी, त्या बिस्किटांच्या एका पुड्यात मावतच नाहीत. म्हणजे पहिल्या आठवड्यातली चैन खरी नव्हती आणि त्या सकाळचा शोकही खरा नव्हता. काट्यावर रोज उभं राहणार असशील तर एवढं डोक्यात ठेव, नाहीतर आठवड्यातून एकदाच उभा राहा.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रातला दिवस मी कागदावर मांडून पाहिला. सकाळी नुसती कॉफी. दुपारी काकडी-टोमॅटो आणि 'खूप पाणी'. संध्याकाळी पुन्हा कॉफी. रात्री जेवण म्हणून एक वाटी सूप. आणि मग नऊ-साडेनऊला लढाई! अरे, आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. रात्री जी खा-खा सुटते तिची तयारी तू सकाळपासून स्वतःच्या हातांनी करतोयस, आणि रात्री फक्त बिस्किटांवर डाफरतोयस.

त्यात घड्याळही तुझ्या बाजूचं नाही. 2013 साली एक छान प्रयोग प्रसिद्ध झाला. काही निरोगी माणसांना मंद उजेडात ठेवलं, झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा मुद्दाम सरकवत नेल्या, म्हणजे शरीराच्या आतलं घड्याळ एकटं काय करतं ते कळावं. तर भूक सगळ्यात कमी निघाली सकाळी आठच्या सुमाराला आणि सगळ्यात जास्त रात्री आठच्या. गोड, पिठूळ आणि खारट खावंसं वाटणंही त्याच वेळी शिगेला. म्हणजे पोटभर जेवलेल्या माणसालाही रात्री आठनंतर काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं. तू तर दिवसभराचा उपाशी.

म्हणून माझं पहिलं सांगणं खाण्याबद्दलच आहे, न खाण्याबद्दल नाही. सकाळी भूक लागत नाही म्हणून वगळतोस ते समजू शकतो, पण दुपारचं जेवण नीट जेव. डाळ किंवा कडधान्य, अंडी, मासे, दही, जे तुला चालतं ते, पण प्रथिनं भरपूर हवीत, सोबत भाज्या आणि थोडा भात किंवा ब्रेड. हो, भात. डोळे विस्फारू नकोस. आणि संध्याकाळी घरी पोचायच्या आधी मूठभर शेंगदाणे, एखादं उकडलेलं अंडं, एखादं फळ, असं काहीतरी पोटात असू दे. घराचं दार उपाशीपोटी उघडू नकोस, एवढा एकच नियम पाळलास तरी रात्रीचं निम्मं काम झालं. मी हे करायला लागल्यावर पहिला फरक वजनात नाही दिसला, चिडचिडीत दिसला. घरच्यांना विचारशील तर ते माझ्यापेक्षा जास्त सांगतील.

झोपेचंही असंच. तू रात्री एक-एकपर्यंत जागतोस, हे तुझ्या मेसेजच्या वेळांवरूनच दिसतं. 2004 साली शिकागो विद्यापीठात बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, आणि दुसऱ्या खेपेला दोन रात्री दहा तास. कमी झोपेनंतर 'पोट भरलं' सांगणारं लेप्टिन हे संप्रेरक 18 टक्क्यांनी घटलेलं आणि भूक चेतवणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. आणि त्या पोरांना खावंसं काय वाटत होतं? गोड, खारट, पिठूळ. तेव्हा पुडा लपवण्याआधी तासभर लवकर झोपून बघ.

आता खुद्द ती तल्लफ. मी तिच्याकडे जरा निरखून बघायला शिकलोय, आणि ते फार मजेशीर आहे. भूक पोटात असते, काहीही दिलं तरी चालतं. तल्लफ डोळ्यांपुढे असते आणि तिला एकच वस्तू हवी असते. टीव्ही पाहता पाहता आधी डोळ्यांपुढे येतो तो पुडा, त्याची ओढायची लाल पट्टी. मग कागदाची कुरकुर ऐकू येते. मग दोन बिस्किटं पिळून वेगळी करायची, क्रीम एका बाजूला अख्खं चिकटून यायला हवं, ते दातांनी खरवडायचं, इथपर्यंत सगळं खुर्चीत बसल्या बसल्या होऊन जातं आणि तोंडाला पाणी सुटलेलं असतं. माणूस उठतो तो त्यानंतर. मानसशास्त्रातले काही अभ्यासक हेच सांगतात, की तल्लफ आधी नुसता चुकार विचार असते, मन त्याला रंग, वास, चव भरत नेतं आणि तिथे ती जोर धरते. प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी तर लोकांना तीन मिनिटं टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचायचा खेळ, खेळायला लावलं. ठोकळे वळवण्यात डोळ्यांपुढची जागा अडली की चित्राला जागा उरत नाही, आणि तल्लफ खरोखर उतरते. उगाच नाही मी हल्ली जेवणानंतर फोनवर ठोकळे लावत बसत. (बायकोला वाटतं मी पोरकट झालोय. वाटू दे.)

'बिस्किटाचा विचार करायचा नाही' असं मनाला बजावू नकोस, तो उपाय हमखास उलटतो. विचार आला तर येऊ दे, फक्त त्याला रंगवत बसू नकोस. उठ आणि चालायला जा. एक्सेटर विद्यापीठात नेहमी चॉकलेट खाणाऱ्या लोकांना कामाला बसण्याआधी पंधरा मिनिटं भरभर चालायला लावलं, तर त्यांनी काम करताना जवळपास निम्मंच चॉकलेट खाल्लं. पंधरा मिनिटं चालून कॅलरी किती जळतात ते सोड, नगण्यच. पण तल्लफ आल्या पावली जाते. आणि गेली नाही, परत आल्यावरही खावंसं वाटलंच, तर दोन बिस्किटं बशीत काढ, बसून खा, पुडा बंद कर. उभ्याने, पुड्यातून, दिवा न लावता खायचं नाही. तो पुडा त्या रात्री पहिल्या दोन बिस्किटांनी संपला नव्हता. तिसऱ्याच्या वेळी तू मनाशी म्हणालास, 'आता मोडलंच आहे पथ्य, तर होऊन जाऊ दे.' पुढचं सगळं त्या वाक्याने खाल्लं.

भाताकडे येतो. कार्ब्स म्हणजे विष, हे तुला ज्या कुणी सांगितलंय त्याला माझा नमस्कार सांग आणि पुढे ऐक. 1995 साली सिडनीत अडतीस पदार्थ घेऊन तपासलं, सारख्याच कॅलरी खाल्ल्यावर कशाने किती पोट भरतं. पांढऱ्या ब्रेडला 100 गुण धरले. पहिला नंबर कुणाचा? उकडलेल्या बटाट्याचा, 323 गुण. सगळ्यात शेवटी क्रोसाँ, म्हणजे तो लोण्याचा फ्रेंच पाव, 47. दोन्ही कार्ब्सच, पण एकाने सात पट समाधान. तू बटाटा टाकलास आणि बिस्किटाच्या हाती लागलास. मग 2018 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात सहाशेहून जास्त माणसांनी वर्षभर एक तर कमी कार्ब्सचा नाहीतर कमी चरबीचा आहार घेतला. कमी कार्ब्सवाल्यांचं वजन सरासरी सहा किलो उतरलं, कमी चरबीवाल्यांचं सव्वापाच. फरक धरण्याजोगा नाही. दोन्ही गटांना एक गोष्ट मात्र सारखीच सांगितली होती, साखर आणि मैदा कमी करा, भाज्या वाढवा, शक्यतो घरी रांधलेलं खा.

यातलं मला सगळ्यात पटलेलं मात्र 2019 चं आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वीस माणसांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं पाकीटबंद खाणं, दोन आठवडे साधं रांधलेलं. पुढ्यात येणाऱ्या ताटातल्या कॅलरी, साखर, चरबी, चोथा (फायबर) सारखं राखलेलं, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलेलं. पाकीटबंदच्या दिवसांत माणसं रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खाऊन बसली आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलोने वाढली. साध्या जेवणाच्या दोन आठवड्यांत तेवढीच उतरली. कुणी त्यांना इच्छाशक्तीवर व्याख्यान दिलं नव्हतं.

साखरेचं मी तुला हळूहळूच सांगेन. चहात आधी दोन चमचे घ्यायचास ना, आता दीड घे, पंधरवडाभर तसाच पी, मग एक. पहिले काही दिवस चहा पाणचट लागेल, शिव्या दे आणि पी. जीभ खरंच बदलते. काही महिने साखर कमी केलेल्यांना पूर्वीचंच पुडिंग जास्त गोड लागतं, असं अभ्यासातही दिसलंय, आणि मला आता लग्नकार्यातला चहा तोंडात धरवत नाही. कोलासारख्या गोड पेयांच्या बाबतीत मात्र हळूहळू वगैरे नाही, ती थेट बंद कर. कोलाच्या 330 मिलीच्या एका कॅनमध्ये 35 ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण सहा चमचे, आणली तर आणखी चांगलं. एका कॅनमध्येच ते सहा चमचे ओलांडले जातात आणि पोटाला पत्ताही लागत नाही. फळांचा रसही त्यांच्या हिशेबात याच साखरेत मोडतो, अख्खं फळ मोडत नाही. म्हणून संत्रं सोलून खा, पिळून पिऊ नकोस.

घरातले पुडे, डबे यांचं तू ठरव. मुलं आहेत, सगळं घराबाहेर काढता येणार नाही. पण डोळ्यांसमोरच्या काचेच्या बरणीतून ते माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात गेले तर शिडी आणावी लागते, आणि शिडी आणेपर्यंत माणूस शहाणा होतो. वहिनींना सांग, त्यांचा या कामी मोठा आधार होईल. फक्त पहारेकरी होऊ नका म्हणावं, त्याने तू चोरून खाशील, मी तुला ओळखतो.

एक गोष्ट चेष्टेवारी नेऊ नकोस. तुझ्या मधुमेहाच्या गोळ्या चालू झाल्यात असं ओझरतं लिहिलंयस. त्यातल्या काही गोळ्या अशा असतात की जेवणातले कार्ब्स अचानक तोडले तर रक्तातली साखर धोक्याइतकी खाली येते. घाम फुटणं, हात थरथरणं, गरगरणं असं त्या उपाशी दिवसांत झालं होतं का? झालं असेल तर ती तल्लफ नव्हती, आणि तेव्हा गोड खाल्लंस ते बरंच केलंस. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, खाण्यातले बदल त्यांना सांग, गोळ्यांचा डोस बघून घे. मला उत्तर लिहायच्या आधी हे कर.

काकूंना नमस्कार, पोरांना पापा.

तुझाच,
(तुझ्यासारखाच) गोडघाशा

ता. क. बिनसाखरेच्या गोड गोळ्या चहात चालतील का, असं विचारलं होतंस. वजन उतरवण्यासाठी त्यांचा आधार घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलंय. मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही, त्यामुळे तुझ्यापुरतं डॉक्टरांनाच विचार. माझ्या मते त्यांनी जिभेची गोडाची सवय तशीच राहते. तरी कोला सुटतच नसेल तर मधल्या काळात बिनसाखरेची पी, मी काही पोलिसात तक्रार करणार नाही.