कॉपी केलेल्या सीडीने नक्की कुणाचं नुकसान झालं?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला सीडीच्या जमान्यावरचा लेख वाचला, छानच आहे, पण कॉपी केलेल्या सीड्यांनी म्युझिक इंडस्ट्री बुडवली हे वाचून राहवेना म्हणून लिहितेय. मोठ्या शहरांत असेलही तसं. आमच्या सांगलीत 2007 साली माय केमिकल रोमान्स या अमेरिकन रॉक बँडचा 'द ब्लॅक परेड' हा अल्बम मागितला असता तर दुकानदाराने तीनदा नाव विचारून शेवटी ब्रायन अ‍ॅडम्स हातात ठेवला असता.

मला तो मिळाला हॉस्टेलच्या सिनिअरकडून, ती पास आउट होताना बादली, इस्त्री आणि सीड्यांचा डबा मागे ठेवून गेली, त्यात एका मोझरबेअरच्या राइट करायच्या सीडीवर मार्करने नुसतं 'एमसीआर', म्हणजे बँडची आद्याक्षरं, लिहिलेलं, तिलाही ती दुसऱ्या कुणाकडून आलेली. कव्हर नाही, नावं नाहीत, कॉम्प्युटरला लावली की ट्रॅक 1, ट्रॅक 2 एवढंच. मग काय, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं. आणि या अल्बमला तेच लागतं, कारण ती सलग गोष्ट आहे, कॅन्सरने मरायला टेकलेला एक पेशंट आणि त्याला न्यायला येणारा मृत्यू, तोही त्याच्या सगळ्यात लाडक्या आठवणीचं रूप घेऊन, लहानपणी वडिलांनी दाखवलेल्या परेडचं. रेड्यावरचा यम ऐकत वाढलेल्या मला हे जाम भारी वाटलं.

ज्याने कुणी ती बर्न केली त्याने गाण्यांमधला दोन सेकंदांचा गॅप तसाच ठेवलेला, सीडी बर्न करायच्या नीरो सॉफ्टवेअरमध्ये तो आपोआप पडायचा. ओरिजिनलमध्ये पहिलं गाणं थेट दुसऱ्यात घुसतं, आमच्याकडे मध्येच लाइट गेल्यासारखं. शेवटी 'फेमस लास्ट वर्ड्स' संपलं की दीड मिनिट काहीच नाही, सीडी अडकली म्हणून रूममेट उठायची आणि तेवढ्यात पियानोवर ते छुपं 'ब्लड' सुरू व्हायचं, ही करामत मात्र बँडचीच. 'मामा'मध्ये चक्क हॉलिवूडची गायिका-अभिनेत्री लायझा मिनेली गायलीय हे कळायला तर वर्षं गेली, बिनकव्हरच्या सीडीवर सांगणार कोण!

लेखात असं म्युझिक ऐकणाऱ्यांना 'काजळ घातलेली रडकी पोरं' असा टोमणाही आहे. ब्रिटनमध्ये डेली मेल या वर्तमानपत्राने इमोवर, म्हणजे मनातलं दुःख उघड मांडणाऱ्या या रॉकवर आणि तो ऐकणाऱ्यांवर, अशीच झोड उठवली होती, थेट आत्महत्येशी संबंध जोडून, तेव्हा 2008 च्या मे महिन्यात बँडचे फॅन्स लंडनला त्यांच्या ऑफिसबाहेर जमले होते. अहो, ते 'फेमस लास्ट वर्ड्स' ऐका तरी, जगायला घाबरत नाही हेच त्यात ठणकावून सांगितलंय.

नोकरी लागल्यावर ओरिजिनल सीडी मी पैसे देऊन मागवली, नंतर त्यांच्या जुन्या अल्बमच्याही. ती कॉपी हातात पडली नसती तर यातला एक रुपया त्या इंडस्ट्रीला मिळाला नसता, बँडचं नावच माहीत नसतं ना. पुढच्या लेखात हा हिशोबही धरा.

आपली,
एक वाचक, सांगली