कौतुक पुरे, चाली छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंध बुद्धिबळपटूंच्या स्पर्धेची बातमी आपल्या अंकात वाचली. सहा ओळींत ‘अंध असूनही’ दोनदा. डाव कसा झाला, याबद्दल अक्षर नाही. मी शेवटच्या फेरीला तिथे होतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिल्या पटावर पांढऱ्याने चक्क किंग्ज गॅम्बिट लावला. दुसऱ्याच चालीला प्यादे द्यायचे आणि आपल्याच राजापुढचे दार उघडे टाकायचे! “ईवा चार.” “ईवा पाच.” “फेलिक्स चार.” (बी, सी, डी, ई कानाला सारखेच लागतात, म्हणून पटाच्या उभ्या पट्ट्यांना अक्षरांऐवजी ॲना, बेला अशी नावे; आकडा त्या पट्टीतल्या घराचा.) एकाने चाल बोलायची, दुसऱ्याने ती उच्चारून आपल्या पटावर करायची. पट दोघांचे वेगळे. घराघराला भोक, मोहऱ्याला खुंटी, काळी घरे बोटाला कळतील इतपत उंच.

पाचव्या चालीला पांढरा घोडा ईवा पाचवर आला आणि काळा थांबला. डावा हात फेलिक्स सातच्या प्याद्यावर. उजव्या हाताचे बोट सीझर चारपासून तिरके सरकत त्याच प्याद्याशी आले. उंट अजून निघालाही नव्हता, पण तो कुठून येणार हे बोटाने आधीच चाचपले होते. माझ्या शेजारचे गृहस्थ कुजबुजले, “अहो, हात लावला ना? मग तेच चालवायला हवं!” तसे नाही. मोहरा भोकातून उपसला तरच तो ‘लागला’, नुसता चाचपला तर नाही. काळ्याने शांतपणे घोडा फेलिक्स सहावर ठेवला.

पुढे पांढऱ्याने घाई केली, हल्ला विरला आणि डाव गेला. माझ्या मते चूकच होती, आणि ती चूक म्हणून छापायला काय हरकत होती? २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई पॅरा स्पर्धेत बडोद्याच्या दर्पण इनानी या अंध बुद्धिबळपटूने सुवर्णपदक जिंकले, तेव्हाही आपल्याकडे पदकाचा फोटो आला, डाव नाही.

या खेळाडूंचे डावही नोंदवले जातात, कुणी ब्रेलमध्ये, कुणी रेकॉर्डरवर. आयोजकांकडे मागितले तर मिळतील. रविवारच्या बुद्धिबळाच्या चौकटीत महिन्यातून एखादा बसेल का?

आपला,
एक वाचक,
सदाशिव पेठ, पुणे