बाबांच्या मनगटाचं माप

आइंडहोवन, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

एवढं लांबलचक पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर बाबा 'बरं, ठेवतो' म्हणून मोकळे होतात आणि आई 'जेवलीस का'च्या पुढे सरकत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. दादा प्रिंट काढून देईल. तर, जेवते. डबा स्वतः करून नेते. सायकलवरून पडलेले नाही. व्हिडिओत बारीक दिसते तो इथल्या उजेडाचा दोष, माझा नाही.

आता बाबांसाठी घ्यायच्या स्मार्ट घड्याळाचं. बाबा, 'आणायचंच तर मोठं आण, चारचौघांत दिसलं पाहिजे' असं तुम्ही दादाला म्हणालात. आमराईत फिरायला येणाऱ्या तुमच्या मंडळींपैकी कुणाच्या तरी मुलानं ४९ मिलिमीटरचं अ‍ॅपल वॉच अल्ट्रा पाठवलंय, हे खूळ तिथूनच आलं असणार. ते आयफोनशिवाय जोडताच येत नाही आणि तुमचा फोन अँड्रॉइड, तेव्हा तो विषय संपला. मी सॅमसंगचं गॅलॅक्सी वॉच ७ बघून ठेवलंय. ते ४० आणि ४४ अशा दोन मापांत मिळतं. मोठ्याचा स्क्रीन दीड इंची, धाकट्याचा १.३. बॅटरीही मोठ्याचीच जास्त. चष्म्याशिवाय आकडे दिसायचे तर ४४ बरं, हे मलाही कळतं. पण तुमचं एचएमटी जनता जेमतेम ३५चं आहे. त्याच हातावर ४४ चढवलं की काय होतं ते ऐका.

या घड्याळाच्या पाठीतून हिरवा उजेड कातडीवर पडतो. रक्त तो शोषून घेतं, आणि परत येणारा उजेड कसा कमी-जास्त होतो त्यावरून ठोके मोजले जातात. घड्याळ मनगटाला मोठं झालं की पाठ नीट टेकत नाही. हात हलला की ते सरकतं, फटीतून बाहेरचा उजेड शिरतो आणि आकडे भलतेच येतात. मग तुम्ही घाबरणार, आई त्याहून घाबरणार आणि तीन वाजता मला फोन येणार. म्हणून 'दिसायला भारदस्त' हा हट्ट सोडा.

माप घ्यायचं ते असं. कागदाची बोटभर रुंदीची पट्टी कापा. मनगटाचं हाड वर येतं ना, त्याच्या एक बोट मागे, कोपराच्या बाजूला, ती गुंडाळा. आवळू नका. जिथे टोक जुळतं तिथे पेनाची खूण करा आणि पट्टी सरळ करून मोजा. हा झाला घेर, तो पट्ट्यासाठी. पट्टाही लहान-मोठा असा दोन मापांत येतो, नंतर बदलता येतो, त्याचं टेन्शन नाही. डायलसाठी दुसरं माप हवं. कंपासपेटीतली फूटपट्टी मनगटावर आडवी ठेवून वरचा सपाट भाग किती रुंद आहे ते बघा. तो ४५च्या आत आला तर डोळे झाकून ४०. कुठल्याही डायलची टोकं त्या सपाटीबाहेर लोंबता कामा नयेत. दादानं पुठ्ठ्याचे ४० आणि ४४चे गोल कापून हातावर ठेवून फोटो काढावा, पण चार हात लांबून. फोन जवळ नेला की सगळंच अवाढव्य दिसतं.

आई, तू 'माझं दोन-सहा, तुला माहीतच आहे' म्हणालीस. ते बांगडीचं माप झालं. दोन-सहा म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि वर सहा सोळांश, साठेक मिलिमीटर. आणि तो ठरतो पंजावरून, कारण बांगडी पंजावरून चढवायची असते. घड्याळाला बक्कल असतं, त्याला पंजाशी काय देणंघेणं! शिवणाच्या टेपनं मनगट मोजून कळव. तुझं पुढच्या बोनसला.

घाई कशासाठी, तर बाबांच्या वाढदिवसासाठी. त्यावरून इथली एक तऱ्हा सांगते, आई, हसू नकोस. इथे घरोघरी वाढदिवसांचं कॅलेंडर असतं आणि ते टांगतात संडासात! दिवाणखान्यात नाही, स्वयंपाकघरात नाही, कमोडवर बसलं की बरोबर डोळ्यांसमोर. त्यावर वारही नसतो आणि सालही नसतं, नुसत्या तारखा, त्यामुळे तेच वर्षानुवर्षं चालतं. बसलं की आपोआप वाचलं जातं, आणि कुणाचा वाढदिवस विसरणं इथे फार वाईट समजतात. माझ्या टीममधल्या एका बाईंनी तुमची तारीख विचारून घेतली आणि लिहूनही टाकली. म्हणजे बाबा, तुमचं नाव आता एका डच घरात कायमचं लागलंय, कुठे ते आमराईत सांगू नका. त्या दिवशी ऑफिसात सगळे माझंच अभिनंदन करणार, 'वडिलांच्या वाढदिवसाबद्दल'. इथे घरच्यांनाही शुभेच्छा देतात. पाहुणे खुर्च्यांचं रिंगण करून बसतात, कॉफी मिळते आणि केकचा एक तुकडा. दुसरा मागायची सोय नाही. तुमच्याकडे साबुदाणा वडे होतील, त्यातले माझ्या वाटचे दादा खाईल.

'ते यंत्र हातात घालून मी आजारी नसताना आजारी होईन' हे तुमचं वाक्य दादानं पोचवलं. तुमच्यावर पाळत ठेवायला पाठवत नाहीये. तुम्ही दाखवाल तेवढेच आकडे बघीन. एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा, हार्ट अटॅक या घड्याळाला ओळखता येत नाही. छातीत काही वाटलं तर त्याच्याकडे बघत बसायचं नाही, दादाला हाक मारायची. अँजिओप्लास्टीचं मला आठवड्यानं सांगितलंत, 'तुला उगाच ताण नको' म्हणून. आता तसं करायचं नाही, मी येईन. तेव्हाही आले असते. परवाच्या फोटोत तुमच्या एचएमटीचा पट्टा एक भोक आत गेलेला दिसला. जुन्या भोकाभोवती बक्कलचा वळ अजून तसाच आहे. म्हणून तर माप आत्ताचं हवं, मागच्या वर्षीचं शर्टाच्या बाहीवरचं नको.

बाकी, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे पैसे सोमवारी पाठवते, पावसाआधी काम उरकून घ्या. 'तुझे तुला राहू देत' हे पुराण नको. शिक्षणाच्या कर्जाचे शेवटचे हप्ते राहिलेत, तेही वेळेवर जातायत. मावशीनं सुचवलेल्या मुलाशी बोलले. डसेलडॉर्फला आहे, इथून शंभरेक किलोमीटर. बरा वाटला. बरा म्हणजे बरा, लगेच पत्रिका घेऊन गुरुजींकडे धावू नका. पुढच्या महिन्यात भेटतोय, तोवर मावशीला थोपवून धरा. गणपतीला रजा मिळत नाहीये. डिसेंबरात नक्की येते, तिकिटं बघून ठेवलीत.

तुमची,
ताई

ता. क. आई, माप डाव्या हाताचंच घ्या. आणि बाबा पट्टी धरताना मूठ आवळतील, तेवढं बघ.