मोठा एअरफ्लो सेन्सर घ्यावा का?

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे रीडिंगचे कागद येऊन आठ दिवस झाले. ते आकडे दोन-तीनदा शांतपणे पाहायचे होते, म्हणून उत्तराला उशीर झाला. तुझ्या स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसला के-झिरो-फोर टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बसवला, ती हवा थंड करणारा इंटरकूलर मोठा केला, टर्बोनंतरचा धुराचा डाउनपाइप बदलला, आता ऑडी टीटीच्या 225 अश्वशक्तीच्या इंजिनावरचा मोठ्या तोंडाचा एअरफ्लो सेन्सर घ्यावा का, असे तू विचारले आहेस. माझे मत आधीच सांगतो : सध्या घेऊ नकोस. तुझा सेन्सर लहान पडलेला नाही, तो मळलेला आहे, असा माझा संशय आहे.

हा सेन्सर ताकद देत नाही, तो फक्त हवा मोजतो. आपल्या 1.8 टर्बो इंजिनावर बॉशचा हॉट फिल्म पद्धतीचा सेन्सर असतो. त्यातली नखाएवढीही नसलेली पातळ फिल्म मधोमध तापवलेली असते, तिच्या दोन्ही अंगांचे तापमान मोजले जाते आणि वाहत्या हवेमुळे पडणाऱ्या फरकावरून सेकंदाला किती ग्रॅम हवा गेली हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळते. हवेचे थेट वस्तुमानच मोजले जात असल्यामुळे नाशिकहून महाबळेश्वरला चढलास तरी विरळ हवेचा हिशेब आपोआप लागतो. मात्र प्रत्येक काट्याला मर्यादा असते. दहा किलोच्या काट्यावर बारा किलो कांदे ठेवले, तर काटा दहावरच अडकतो, तसा हाही पाच व्होल्टच्या आसपास अडकतो आणि त्यापुढे आलेली हवा ईसीयूला दिसतच नाही. सेन्सर बदलण्याचे खरे कारण हे एवढेच.

आता तुझे आकडे पाहा. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबून घेतलेल्या रीडिंगमध्ये 4,500 आरपीएमला सेकंदाला 141 ग्रॅम, 5,200 ला 156, 5,800 ला 158 आणि 6,300 ला 151 दिसतात. सेन्सर अडकला असता, तर आरपीएम वाढत असताना हा आकडा पट्टीने आखल्यासारखा सपाट राहिला असता. तुझा आकडा वर जाऊन खाली उतरला आहे, म्हणजे काटा अजून हलतो आहे. ग्रॅमला 0.8 ने भागले की अंदाजे अश्वशक्ती मिळते, हा आपला जुना ठोकताळा तुला ठाऊक आहेच. त्या हिशेबाने 158 म्हणजे साधारण 197. एवढे काम केलेल्या गाडीला हे कमीच आहे, आणि तुझी तक्रारही तीच आहे. पण हवा खरोखरच कमी जाते आहे, की मोजली कमी जाते आहे?

याचे उत्तर तू जवळजवळ दुर्लक्षिलेल्या ब्लॉक 032 मध्ये, म्हणजे ईसीयू इंधनात किती दुरुस्ती करतो हे दाखवणाऱ्या रीडिंगमध्ये आहे. आयडलची (पाय न दाबता इंजिन नुसते चालू असतानाची) दुरुस्ती शून्याजवळ आहे, पार्ट थ्रॉटलची (अर्धवट पाय दाबलेला असतानाची) मात्र अधिक 16 टक्के. इंजिनात हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डजवळ एखादा पाइप फुटून मोजणीबाहेरची हवा आत येत असती, तर ती सर्वांत आधी आयडलला बोलली असती. शिवाय त्या 16 पैकी निम्मा वाटा पंपावरच्या पेट्रोलचा आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागास 14.7 भाग हवा लागते, तर वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे 13.5, म्हणून ईसीयूला आठ-नऊ टक्के इंधन जास्त सोडावेच लागते. (आजकाल कितीतरी चांगले सेन्सर केवळ इथेनॉलमुळे बदनाम होऊन कचऱ्यात जात असावेत!) उरलेले सात-आठ टक्के मात्र सेन्सर कमी मोजत असल्याचे लक्षण वाटते. मळलेली फिल्म मंद हवेत फारशी फसत नाही, जोराच्या हवेत फसते. 158 मध्ये आठ टक्के मिळव : 171 होतात, म्हणजे सुमारे 213 अश्वशक्ती. तुझा टर्बो बहुधा आळशी नाही.

हे मी अंगावर शेकल्यामुळे सांगतो आहे. तीन वर्षांपूर्वी मी कॉटनचा कोन फिल्टर धुऊन त्याला तेल लावले आणि हौसेपोटी जरा जास्तच लावले. पंधरा दिवसांत गाडी मरगळली. एका गॅरेजमध्ये मला मोठा सेन्सर घेण्याचा सल्ला मिळाला आणि मी पैसे काढायलाही निघालो होतो. त्या रात्री सहज म्हणून सेन्सर खोलला. त्याचे दोन स्क्रू पाच पाकळ्यांचे असतात, साधा सहा पाकळ्यांचा टॉर्क्स बिट त्यांना लागत नाही, त्यामुळे आधी तो बिट शोधण्यातच संध्याकाळ गेली होती. बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर फिल्मवर मधासारखा तेलाचा थर आणि त्याला चिकटलेली बारीक धूळ. सेन्सर क्लीनरचे सात-आठ फवारे मारून रात्रभर वाळू दिला, आणि सकाळी गाडी पूर्ववत झाली. तूही तसेच कर, मात्र फिल्मला कापूस किंवा बोट लावू नकोस आणि तोंडावरची जाळी काढू नकोस. हवा सरळ होऊन फिल्मपाशी यावी यासाठीच ती असते. शिवाय तुझा कोन फिल्टर बंपरमागे फार खाली आहे. पावसाळ्याआधी त्याला आडोसा कर.

साफ करूनही फरक पडला नाही, तर आहे त्याच मापाचा अस्सल नवा सेन्सर टाक. त्यानंतरही वरच्या आरपीएमला आकडा सपाट झाला, तरच टीटीचा घ्यावा, आणि तोही रिमॅपसकट, म्हणजे ईसीयूची कोष्टके नव्या सेन्सरप्रमाणे बदलून. नुसता बसवलास तर काय होईल, हे नीट समजून घे. तोंड मोठे झाल्यामुळे तेवढीच हवा फिल्मवरून सावकाश जाईल, व्होल्टेज कमी येईल आणि ईसीयू जुन्याच कोष्टकात पाहून हवा कमी आहे असे समजेल. मग तो इंधन कमी सोडेलच, पण लोडही (इंजिनावरचा भार) कमी धरून स्पार्क पुढे ओढेल, म्हणजे ठिणगी लवकर पाडेल. लीन (इंधन कमी पडलेले) मिश्रण आणि पुढे ओढलेला स्पार्क बूस्टमध्ये (टर्बोच्या दाबाखाली) एकत्र आले, की नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) पिस्टनपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. पार्ट थ्रॉटलला धुराच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर ही चूक झाकतो, त्यामुळे गावात गाडी छान वाटते आणि हायवेवर घात होतो. म्हणून ट्यूनरने वाइडबँड (मोठ्या पल्ल्याचा ऑक्सिजन सेन्सर) लावून पूर्ण लोडला लॅम्ब्डा (हवा-इंधनाचे प्रमाण; 1 म्हणजे नेमके, त्याखाली इंधन जास्त) 0.80 ते 0.82 च्या दरम्यान आहे, हे तुझ्या डोळ्यांदेखत दाखवल्याखेरीज पैसे देऊ नकोस.

सेन्सर साफ केल्यावर ईसीयूची जुनी दुरुस्ती पुसून टाक, त्याच पंपाचे पेट्रोल भरून शंभरेक किलोमीटर गाडी चालव आणि मग ब्लॉक 002 (हवेचे ग्रॅम) आणि 032 ची रीडिंग पुन्हा घे. पुढच्या शनिवारी मी नाशिकला येतो आहे. पाच पाकळ्यांचा बिट आणि रीडिंग घ्यायची माझी केबल सोबत आणतो, तोवर तो टीटीचा सेन्सर विकणाऱ्याला थांबायला सांग.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश