घरी भूगोल शिकणाऱ्या पोरांसाठी, सगळं फुकट आहे
नमस्कार मंडळी, सुट्टीत पोरांचा भूगोल नुसता पाठांतरात अडकू नये म्हणून हे लिहितोय, जरा शेवटपर्यंत वाचा. बालभारतीच्या साईटवर पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, आणि पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केला की धड्याचे व्हिडिओ निघतात. पण खरी मजा गुगल अर्थमध्ये आहे, म्हणजे उपग्रहाच्या फोटोंवरून सगळं जग दाखवणारं ॲप. काल आमच्या पोरीला भीमाशंकरपासून भीमा नदी धरून स्क्रीनवर बोट फिरवत आणायला लावलं, मग उजनी धरणाचं पसरलेलं पाणी, पुढं पंढरपुरात नदी चंद्रकोरीसारखी वळते ते बघून ती आपणहून म्हणाली, म्हणून चंद्रभागा म्हणतात होय! तिथून पुढं कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेला मिळेपर्यंत तिनं स्क्रीन सोडली नाही. इस्रोची भुवन ही नकाशांची साईट पण बघा, २००९ पासून आहे, आपल्या देशाचे नकाशे त्यात चांगले आहेत, फक्त मोबाईलपेक्षा कॉम्प्युटरवर बरं चालतं. लहान पोरांना आधी आपल्या सोलापुरातला सिद्धेश्वर तलाव आणि भुईकोट किल्ला शोधायला लावा, मग आपलं घर. व्हिडिओ वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवा, आणि पहिले पंधरा मिनिटं तरी शेजारी बसा. काही अडलं तर ग्रुपवर विचारा, मी सांगतो.