बाबांच्या रिपोर्टवरून

अरे चिनू,

तुझा मेसेज बघितला, "बाबा एवढे काडीपैलवान, त्यांना फॅटी लिव्हर कसं काय?" फोनवर सांगायला गेले की तू हं हं करत दुसरंच काहीतरी बघत असतोस, म्हणून लिहूनच काढतेय. आधी घाबरू नकोस, सोनोग्राफीत ग्रेड वन, म्हणजे सौम्यच, आलंय, डॉक्टरांनी शुगर आणि लिपिड प्रोफाइल करायला सांगितलंय, ते शनिवारी उपाशीपोटी करून घेऊ.

पण त्याच्याखाली तू जे लिहिलंयस ना, की चरबीच्या पेशीच नसत्या तर कटकट मिटली असती, ते वाचून माझ्यातली बारावीची बायोची बाई जागी झाली. अशी माणसं असतात बाळा. जन्मापासूनच अंगावर चरबी जवळजवळ नाही, स्नायू असे उठून दिसतात की तुमच्या जिमवाल्यांना हेवा वाटावा. 1954 ला ब्राझीलमध्ये बेरार्डिनेलींनी आणि 1959 ला नॉर्वेत सेप यांनी अशा मुलांबद्दल लिहिलं. आणि त्यांची अवस्था काय, तर लिव्हर चरबीने भरलेलं, रक्तात ट्रायग्लिसराइड (म्हणजे चरबीच, साठवायच्या रूपातली) भरमसाट आणि लहान वयात डायबेटिस. म्हणजे चरबी ठेवायला जागा नाही म्हणून ती गायब होत नाही, मिळेल तिथे घुसते.

आणि नुसती जागा असून भागत नाही, तिथे काम करणारी प्रोटीन्स लागतात. रविवारी बाबा मित्रांबरोबर मिसळ खाऊन येतात ना, त्यातलं तेल आतड्यातून रक्तात येतं तेव्हा ते थेट पेशीत जाऊच शकत नाही. चरबीच्या पेशी लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम बनवून शेजारच्या केशवाहिन्यांच्या भिंतीवर पाठवतात, ते त्याचे तुकडे करतं, फॅटी अॅसिड आत जातात, आणि आत डीजीएटी नावाची एन्झाइम्स त्यांचं परत ट्रायग्लिसराइड करतात. हे तेल जमतं पेशीतल्या जाळीच्या, म्हणजे ईआरच्या, पापुद्र्यात. तिथे सीपिन नावाचं प्रोटीन असतं, अकरा रेणूंनी मिळून केलेलं गोल कडं, त्या कड्यापाशी तेल गोळा होऊन थेंब बाहेर फुगतो. वर सांगितलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांत याच सीपिनचं जीन बिघडलेलं असतं, हे 2001 ला कळलं.

मग थेंब मोठे कसे होतात? मिसळीच्या तर्रीवर बघ, तेलाची बारीक बारीक वर्तुळं तरंगत असतात आणि चमचा लागला की दोन मिळून एक होतात. पेशीत तसं आपोआप होत नाही, तिथे सायडेक नावाचं प्रोटीन लागतं. दोन थेंब जिथे चिकटतात तिथे ते बसतं आणि लहान थेंबातलं तेल हळूहळू मोठ्यात सरकतं, शेवटी अख्ख्या पेशीत एकच मोठा थेंब आणि न्यूक्लियस बिचारं कडेला दाबलेलं (आकृती आठवतेय का, अंगठीसारखी, तू दरवेळी न्यूक्लियस मधोमध काढायचास). एकच थेंब असला की पृष्ठभाग कमी, तेल फोडणाऱ्या एन्झाइम्सना हात घालायला जागा कमी. 2009 ला एका तरुण मुलीची केस छापून आली, तिचं सायडेक बिघडलेलं होतं, पेशींत एका थेंबाऐवजी खूप सारे छोटे थेंब, अंगावर चरबी कमी, आणि डायबेटिस झालेला.

थेंबावर पहारा असतो पेरिलिपिनचा, ते 1991 ला सापडलं. मला या सगळ्यात हेच सगळ्यात आवडतं कारण ते नुसतं दार अडवून बसत नाही. पोट भरलेलं असताना ते सीजीआय-58 नावाच्या मदतनीसाला धरून ठेवतं, त्याच्याशिवाय तेल फोडणारं एटीजीएल नावाचं एन्झाइम जोरात चालत नाही. उपास घडला, पळालास, अॅड्रेनॅलिन वाढलं, की पेरिलिपिनवर फॉस्फेट चढतात, मदतनीस सुटतो आणि चरबी बाहेर पडायला लागते.

आता बाबा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी 2004 ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात स्वतःचाच एक फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच 22.3, पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपण भारतीय दिसायला बारीक आणि आतून चरबीवाले. आपल्याकडे कातडीखालची ही कोठारं लवकर भरतात आणि उरलेलं पोटात, लिव्हरमध्ये जातं असं बरेच जण मानतात. बाबांचे हातपाय काटक्या, पण शर्ट काढला की पोट दिसतंच की, तुला माहितीये. म्हणून आता रोज संध्याकाळी गंगापूर रोडला चालायला नेतेय त्यांना, कुरकुरत येतात. मिसळ बंद नाही केली, पाव आणि वरचं जिलबीचं ताट बंद केलंय. वजन थोडं उतरलं तरी लिव्हरमधली चरबी बऱ्यापैकी उतरते.

आणि तो फॅट बर्नरचा डबा मागवलायस म्हणे. पेशीतून चरबी नुसती बाहेर काढली म्हणजे जळली असं नसतं रे, स्नायूंनी वापरली नाही तर ती रक्तातून फिरून लिव्हरलाच जाते, म्हणजे मी बाबांना जिथून हाकलायला बघतेय तिथेच. डबा फोडला नसशील तर परत पाठव, आणि बेंबीपाशी टेप लावून कंबर मोजून मला आकडा कळव, श्वास आत न ओढता. 90 सेंटीमीटरच्या वर असेल तर दिवाळीला आलास की तूही येणार आमच्याबरोबर चालायला.

आई